तिने काहीच मागितलं नाही

२८ नोव्हेंबर

ठक, ठक, ठकाक्. ठक, ठक, ठकाक्.

आज या आवाजाने जाग आली. आमच्या गावात, दैर लौज़मध्ये, वदीआच्या वडिलांच्या ओसरीवर लाकडी उखळात कॉफी कुटायचे, त्याचा हा ठेका. दोन घाव सरळ तळाशी, तिसरा कडेला घासून. तो ऐकू आला की गावाने समजायचं, त्या घरी पाहुणा आलाय, आपणही जावं. आमचे मास्तर छंद शिकवताना मुद्दाम खिडकी उघडत. म्हणत, "जुने कवी उंटाच्या चालीवर कविता रचायचे. तुम्ही गाढवांनो, निदान उखळाच्या तालावर पाठ तरी करा."

अठ्ठेचाळीसच्या लढाईत गाव सोडावं लागलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, वदीआ दहाची. पंधरा दिवसांत परत यायचंच आहे म्हणून उखळ कुणी उचललं नाही. आता तिथे चर्चची एक भिंत, कबरस्तान आणि बदामाची झाडं आहेत म्हणतात. मी पाहिलेलं नाही. चाळीस वर्षं वर्गात शिकवत आलो की जुना अरबी कवी कवितेच्या आरंभी मुक्काम हलून उजाड झालेल्या तळापाशी उंट थांबवतो, सोबत्यांना म्हणतो, थांबा गड्यांनो, जरा रडून घेऊ द्या. मला उंट थांबवायला कधी तळापर्यंत पोचताच आलं नाही. इकडे बैत जाला गावातल्या या दोन खोल्यांतच बसून रडायचं ते रडलो.

दुपारी मित्रीच्या दुकानात दाढीला गेलो. टीव्हीवर चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. त्या माजी अमेरिकन अध्यक्षांनी आपल्याविषयी आणि इस्रायलविषयी पुस्तक लिहिलंय, त्यावरून सगळीकडे रण माजलंय. एक म्हणत होता, म्हातारा खरं बोलतोय. दुसरा म्हणत होता, म्हातारा एकाच डोळ्याने बघतोय.

"खुर्चीवर होता तेव्हा मूग गिळून बसला," मित्री वस्तऱ्याला धार लावत म्हणाला. "खुर्ची गेली, आता वाचा फुटली. सगळ्या अध्यक्षांना आधी माजी करून मगच निवडून द्यायला हवं."

जेरुसलेमची एक इस्रायली बाई बोलत होती. माझा मामा बसलेली बस बॉम्बने उडाली तेव्हा हे गृहस्थ आमच्या घरी कॉफी प्यायला आले नाहीत, म्हणाली. मित्रीने चॅनल बदललं. मला तिचं पुढचं ऐकायचं होतं, पण गालाला साबण होता.

"मास्तर, तुम्ही तर त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसला होतात," मित्री म्हणाला. "बघा, पुस्तकात तुमचं नाव असेल."

मी म्हटलं, "छे रे." पण घरी येईपर्यंत तोच विचार. या वयातही इतकी हाव असावी माणसाला?

३ डिसेंबर

सुहैला आली होती. वदीआची धाकटी. थोरला जिर्यिस तिकडे चिलीत स्थायिक झालेला. आईला बघायला हीच काय ती इथे.

"काका, आईच्या पायांची सूज पोटावर आलीय. डॉक्टर म्हणतात, हिवाळा निघाला तर नशीब."

तिनेच पुढे सांगितलं. बाबांच्या कबरीशेजारची जागा धर्मगुरूंनी राखून ठेवलीय. जिर्यिस रोज फोन करतो. पण आई म्हणते, माझी जागा ठरलेली आहे, दैर लौज़ला, माझ्या आईशेजारी. मोठ्या माणसाने शब्द दिलाय मला.

"पलीकडे इस्रायलमध्ये न्यायच्या परवान्याला महिने लागतात, काका. त्या शब्दाचा काही कागद असेल ना? तुम्हीच मधे होतात."

"बघतो," मी म्हटलं.

ती गेल्यावर आठवत बसलो. अकरा वर्षं होतील येत्या जानेवारीत. आमची पहिली निवडणूक, आणि हे माजी अध्यक्ष निरीक्षक म्हणून आलेले. शाळेत मतदान होतं. त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवलं, इंग्रजी येणारा म्हणून मला शेजारी. गावातली माणसं येऊन भेटत होती. वदीआ आली. काळा झगा, डोक्यावर पांढरी ओढणी. तिच्या हातात कुणीतरी कॉफीचा कप दिला. तिने तो दोन्ही हातांनी अध्यक्षांसमोर टेबलावर ठेवला. प्यायली नाही.

खोलीतल्या सगळ्यांनी कपाकडे पाहिलं. आमच्यात मुलीला मागणी घालायची असो, खुनाचा समेट मागायचा असो, मागणाऱ्याने कप समोर ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा. ज्याच्याकडे मागायचं तो "प्या" म्हणाला की समजायचं, दिलं. मग शब्द फिरत नाही.

वदीआ म्हणाली, "मी मेले की मला दैर लौज़ला माझ्या आईशेजारी ठेवू द्या. जिवंतपणी काही मागत नाही."

मी भाषांतर केलं. अध्यक्षांचे डोळे ओलावले. मग ते कपाकडे बोट दाखवून म्हणाले, घ्या ना, निवतेय.

मी शब्दशः तेच सांगितलं. "ते म्हणतात, प्या."

तिने एका घोटात कप रिकामा केला आणि उलटा ठेवला. बाहेर बायकांनी आनंदाने जिभा वाजवल्या. त्याच आठवड्यात तिने चिलीचं तिकीट परत पाठवलं. जिर्यिसने ईस्टरला तिला कायमची न्यायचं ठरवलं होतं. "आता कशाला जाऊ?" ती म्हणाली. "इकडेच थांबायला हवं." मला बरं वाटलं. म्हणजे सगळ्या गावालाच बरं वाटलं.

७ डिसेंबर

गावातल्या क्लबचा सचिव रऊफ, तरुण वकील आहे, पुस्तक देऊन गेला. वीस तारखेला क्लबात चर्चा ठेवलीय, 'मित्र की नुसताच पाहुणा?' या विषयावर. "मास्तर, तुमचं पान दुमडून ठेवलंय," म्हणाला. "अमेरिकेतला एक टीकाकार लिहितोय की ही बाई मुळात नव्हतीच, कुणा दुभाष्याने सांगितलेली परीकथा आहे. तुम्ही उभं राहून सांगायचं. तुमच्यासारखा साक्षीदार नाही."

पान वाचलं. माझं नाव नाही. 'एक सुसंस्कृत शिक्षक' असं आहे. पुढचं इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मी स्वप्नात वाचलं असं मला पुढे म्हणता येणार नाही:

'शिक्षकाच्या तोंडून ती मला तिच्या गावच्या बदामाच्या मोहराविषयी सांगत होती. पानं फुटण्याआधीच झाडं पांढरी होतात, जणू घर सोडून गेलेल्यांसाठी कुणी दिवा लावून ठेवावा. त्या संपूर्ण प्रवासात मला जी माणसं भेटली, त्यांतली ती एकटीच, जिने माझ्याकडे काहीच मागितलं नाही.'

दिव्याची उपमा माझी. ती वदीआला कधीच सुचली नसती.

८ डिसेंबर

तीन तारखेला 'मी भाषांतर केलं' असं लिहिलं. ते खोडत नाही, पण खरं लिहितो.

मी तिचं मागणं सांगितलंच नाही. बदाम सांगितले, मोहर सांगितला. पाहुण्यापुढे, तोही एवढा मोठा, आमच्या बाईने थडग्यासाठी हात पसरावा, हे मला कसंसंच वाटलं. आणि इंग्रजीत ते वाक्य फार उघडंबोडकं वाटत होतं. म्हणून त्याला जरा कपडे चढवले. कपडेच राहिले, आतलं माणूस गेलं.

कारण एवढंच. दुसरं कारण नाही.

११ डिसेंबर

वारा. पाणी दोन दिवस आलेलं नाही. आवाज मात्र येतोय, ठक, ठक. वरच्या मजल्यावर चौकशी केली. तिथे कुणी राहतच नाही.

१७ डिसेंबर

आज बुरबारा, आमचा खिरीचा सण. सुहैलाने गव्हाची खीर धाडली नाही, निरोप धाडला: आई म्हणते, खीर हवी तर येऊन खा, पुस्तक घेऊन ये.

वदीआ खिडकीशी उशांना टेकून बसली होती. चेहरा लहान झालाय, हात मात्र तेच, रुंद.

"ये बिशारा. म्हातारा झालास."

"तू नाही वाटतं झालीस?"

"मी आजारी आहे. म्हातारी नाही." खिरीवर डाळिंबाचे दाणे जास्त घातले म्हणून सुहैलाला ओरडून घेतलं, मग माझ्याकडे वळली. "पाठ आहे का अजून ती उंटाची कविता? शाळेत तुला फळ्यापाशी उभं केलं की पाय लटलटायचे."

"पाय लटलटायचे, पण अडखळलो कधी नाही."

"अडखळायचास तिथे स्वतःचंच काहीतरी घुसडायचास. मास्तरांना कळायचं नाही, मला कळायचं." ती हसली आणि खोकली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "वाच. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते."

पान उघडलं. इंग्रजी फक्त मलाच येतं त्या घरात. सुहैला दारात उभी. मी वाचायला लागलो. बदाम वाचले, मोहर वाचला, आणि मग त्याच सुरात, एक क्षणही न थांबता, असं वाचलं: 'तिने तिच्या आईशेजारची जागा मागितली, आणि मी ती विसरलेलो नाही.'

वदीआने डोळे मिटून घेतले होते.

"चांगलं वाचतोस," ती म्हणाली. "शाळेत वाचायचास तसंच."

हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की दोन वाट्या खीर खाल्ली. निघताना तिने विचारलं, "तू का रे लग्न केलं नाहीस?"

"कवितेशीच झालं म्हण."

"ती तरी स्वयंपाक करते का?"

जिन्यात सुहैलाने गाठलं. अरबी वर्तमानपत्रात एक जानेवारीपासून पुस्तक क्रमशः येणार आहे. "मी स्वतः वाचून दाखवेन तिला," म्हणाली. "तुम्हाला किती त्रास द्यायचा, काका."

२० डिसेंबर

क्रमाने लिहितो.

क्लब भरलेला. पन्नास खुर्च्या आणि नव्वद माणसं. विद्यापीठातल्या प्राध्यापिका आधी बोलल्या. अध्यक्षपदावर असताना केलेल्या करारात याच माणसाने आपल्याला वळचणीला ठेवलं, आता म्हातारपणी पुण्य जोडतोय, असं त्यांचं म्हणणं. मग रऊफ. जगात एवढ्या मोठ्या नावाचा दुसरा कोण आपल्या बाजूने उभा राहिला, दाखवा, म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, "बाजूने नाही, बाजूला उभा राहिला!" हशा झाला. मित्री ओरडला, "मित्र असता तर माझ्याकडे दाढी करून गेला असता!"

मग मला बोलावलं. मी खोली सांगितली, काळा झगा सांगितला, बदामाचा मोहर सांगितला. ठरलेलं सगळं. टाळ्या पडल्या. बसणार इतक्यात पहिल्या रांगेतला दगडफोड्या अबू सलीम, वदीआच्या नवऱ्याबरोबर खाणीत होता तो, म्हणाला, "मास्तर, एक समजलं नाही. काहीच मागितलं नाही असं पुस्तकात आहे म्हणे. पण कप तर ठेवला होता. मी दारात होतो. कप ठेवायचा आणि मागायचं नाही, असं कसं?"

कुणी रागावून विचारलं असतं तर मी काहीतरी रचून उत्तर दिलं असतं. त्याने अगदी भोळेपणाने विचारलं.

"मागितलं होतं," मी म्हटलं. "मी सांगितलं नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग पुन्हा सांगितलं, की अध्यक्षांना कपाचा अर्थ ठाऊक नव्हता, मागणं त्यांच्या कानावर गेलंच नाही, ते फक्त कॉफी निवेल म्हणाले. शब्द कुणी दिलाच नाही.

सभागृहात नुसता गलका. अबू सलीमने टोपी काढून मांडीवर ठेवली, मयतात ठेवतात तशी. रऊफने माझा दंड धरला, कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, हे या दाराबाहेर जाऊ देऊ नका. उद्या ते टीकाकार म्हणतील, बाईची गोष्ट खोटी, म्हणजे इस्रायलने घातलेली भिंतही खोटी, लष्करी नाकेही खोटे. एका कपापायी सगळं पुस्तक बुडवाल."

"आणि तिचं काय?" मी विचारलं.

"तिचं आपण घरातल्या घरात बघू."

मागच्या रांगेत सुहैला उभी होती. ती आलीय हे मला माहीत नव्हतं. तिने कोट घातला, बटणं सगळी लावली, वरपासून खालपर्यंत, सावकाश. आणि गेली.

२३ डिसेंबर

मित्रीने आज टीव्ही बंद ठेवून दाढी केली. शेवटी टॉवेल झटकत म्हणाला, "अकरा वर्षं, मास्तर. त्या पोराने तिकडे चिलीत आईसाठी खोली बांधून घेतली होती. खिडकीबाहेर बदामाचं झाड लावलं होतं म्हणे. मोठं झालं असेल."

झाडाचं मला माहीत नव्हतं.

नऊ वर्षं, पाय चालत होते तोवर, दर रविवारी चर्चमधून परतताना ती माझ्या खिडकीखाली थांबायची, म्हणायची, "बिशारा, काही कळलं का त्यांच्याकडून?" आणि मी वरून सांगायचो, "मोठ्या माणसांची कामं, वेळ लागतो." रविवारी सकाळी मी लवकर अंघोळ करून धुतलेला सदरा घालायचो. चर्चला मी जात नाही, तरी घालायचो. आज का आठवलं कोण जाणे.

२६ डिसेंबर

अध्यक्षांना पत्र लिहायला बसलो. पहिला कागद: बदामापासून सुरुवात. फाडला. दुसरा: माझ्या वयापासून, नवव्या वर्षापासून. फाडला. तिसऱ्यावर त्या कवीचा उंट येऊन उभा राहिला. फाडला.

संध्याकाळपर्यंत एक वाक्य झालं. 'त्या बाईने तुमच्याकडे मागितलं होतं: ती मेल्यावर तिला दैर लौज़ला तिच्या आईशेजारी पुरू द्यावं, मी तुम्हाला सांगितलं नाही.' एकही उपमा नाही. चाळीस वर्षं मुलांना भाषा शिकवली आणि हे एवढं वाक्य लिहायला मला दिवस लागला. आणि अकरा वर्षं.

२९ डिसेंबर

पत्र टाकलं. पोचायला तीन आठवडे, टपालवाला म्हणाला, "नाक्यावर अडकलं नाही तर." नंतर त्यांचा एखादा सचिव उघडणार. उत्तर येईतोवर हिवाळा संपलेला असेल.

वदीआच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा जाऊन परत आलो. दोन्ही वेळा तिच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता.

१ जानेवारी

वर्तमानपत्रात पहिला भाग आला. आमचं पान अजून दूर आहे. पण आता वाचून दाखवायला उरलंय काय.

आवाज थांबलाय. तीन दिवस उखळ गप्प आहे. ते वाजायचं तेव्हा छळायचं, आता वाजत नाही तर खोली खायला उठते. त्या घरात पाहुणा आला नाही की उखळ वाजत नसे, हे लहानपणी माहीत होतं. विसरलो होतो.

६ जानेवारी

जुन्या पंचांगाप्रमाणे आज आमच्या नाताळची पूर्वसंध्या. खाली रस्त्यावर मुलांचं बँडपथक तालीम करतंय, ढोल दुसऱ्याच घाईत आहे. दुपारची उन्हं टेबलावर आलीत. मी कविता पाठ म्हणून बघतोय. अडखळलो तिथे थांबलो. घुसडायला काही सुचलं नाही, सुचू नये असंही वाटलं.

एक गोष्ट आज लिहून टाकतो. त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत, ती बोलायला लागायच्या आधी, मला कळलं होतं ती काय मागणार. मी मनात हिशेब केला होता: मागणं नाकारलं गेलं, तर ईस्टरला ती चिलीला जाईल. मग मी ते नाकारलंच जाऊ दिलं नाही. विचारलंच नाही, तर नाकारणार कोण?

पुढे काय लिहावं समजत नाही

ठक.

जिन्यातून. ठक, ठक. मग घासल्यासारखं. ठकाक्.

लिहिता लिहिता ऐकतोय. हे स्वप्न नाही, बँड अजून वाजतोय. कुणीतरी जिना चढतंय. दोनदा काठी पायरीवर, मग सुजलेला पाय कडेला घासत वर. एकवीस पायऱ्या आहेत. सुहैलाचा आवाज खालून, "अगं आई, धर तरी मला!" आणि उत्तर, "तू खालीच थांब."

दोन वर्षं तिने उंबरा ओलांडलेला नाही.

ठक, ठक, ठकाक्. आठ-नऊ झाल्या असतील. उठून दार उघडायला हवं. पाय लटलटतायत, फळ्यापाशी लटलटायचे तसे, म्हणून बसून लिहितोय. थांबली. श्वास घेतेय. पुन्हा.

दारावर काठी वाजली.

"बिशारा! आहेस ना आत? कॉफी ठेव."

"ठेवतो," मी इथूनच म्हटलं.

"मागायला आलेय," वदीआ दाराबाहेरून म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. शब्द मिळेपर्यंत, निवली तरी पिणार नाही."